सर्जापूर रस्त्यावर नलिनकांती

बंगळूर शहराच्या आग्नेयेस कोरमंगल सोडून इब्बलूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे ओलांडीत जो रस्ता सर्जापूर या जुन्या कसब्याला जाऊन मिळतो, त्यास सर्जापूर रोड म्हणतात. सर्जापूर एके काळी तलम सुती कापडाबद्दल प्रसिद्ध होते. त्या कापडाची आठवण आज त्या रस्त्यावर कुणाला नाही. दुतर्फा संगणक-उद्योगाच्या कचेऱ्या, त्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांसाठी उभारलेले उंच गृहसमूह, मध्येच एखादे तळे, एखादे मारुतीचे देऊळ, आणि या सर्वांमधून मुंगीच्या गतीने सरकणारी वाहने, असे त्याचे आजचे रूप आहे. इब्बलूरच्या चौकात वाहनांची रांग एकदा थांबली की आत बसलेल्या माणसाला करण्यासारखे एकच काम उरते. तो कानात श्रवणयंत्राच्या गुंड्या घालतो आणि काहीतरी ऐकू लागतो.

या रस्त्यावर राहणाऱ्यांत मराठी माणसांचा भरणा लहान नाही. पुण्याहून, नागपुराहून, कोल्हापुराहून नोकरीच्या निमित्ताने आलेली ही कुटुंबे आहेत. घरात मराठी, कचेरीत इंग्रजी, भाजीवाल्याशी मोडकी कन्नड आणि गाडीत हिंदी अशी त्यांची भाषेची वाटणी ठरून गेलेली असते. संगीताच्या बाबतीत मात्र अशी वाटणी इतकी सोपी नसते. ज्याचे लहानपण भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व ऐकण्यात गेले, तो कर्नाटक संगीताच्या दारात येऊन बहुधा थबकतो. रागांची नावे निराळी, भाषा तेलुगू वा तमिळ, आलापीचा विसावा कमी, आणि स्वर एकसारखा हलता. दहा-दहा वर्षे बंगळुरात काढूनही त्या दारातून आत न गेलेली पुष्कळ मराठी माणसे आढळतील. अशा श्रोत्याला एखाद्या रॉक वाद्यवृंदाने त्या दारातून आत नेले असे सांगितले, तर ते प्रथम चमत्कारिक वाटेल. ‘अगम’ या बंगळूरच्या वाद्यवृंदाने २०१७ साली प्रसिद्ध केलेला ‘अ ड्रीम टू रिमेंबर’ हा दुसरा ध्वनिमुद्रिकासंग्रह असे काही घडवू शकतो. तो ते किती प्रमाणात घडवतो आणि कोठे हात आखडतो, हे पाहण्यासारखे आहे.

रॉक संगीताच्या ज्या शाखेला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे पुढे पाऊल टाकणारी असे नाव मिळाले, ती १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुख्यतः इंग्लंडात वाढली. तीन मिनिटांत संपणाऱ्या आणि नाचण्यापुरत्या ठेक्याच्या गाण्याचा कंटाळा आलेल्या काही तरुणांनी लांबच लांब रचना करण्यास प्रारंभ केला. मध्येच लय बदलायची, पाच-सात मात्रांचे आडवे हिशेब मांडायचे, युरोपच्या अभिजात संगीतातील बांधणी उसनी घ्यायची, आणि श्रोत्याने उभे राहून नाचण्याऐवजी बसून ऐकावे अशी अपेक्षा ठेवायची, ही त्यांची रीत होती. बसून ऐकण्याची ही अपेक्षा आपल्याकडील मैफलीच्या श्रोत्याला नवी नाही. किंबहुना या शाखेच्या जनकांना जे फार मोठे धाडस वाटत होते, त्यातील पुष्कळसे आपल्या तालशास्त्रात पोरसवदा विद्यार्थीही हातावर मोजून दाखवतो.

या मंडळींपुढे एक अडचण मात्र सदैव उभी राहिली, ती दुसऱ्या संग्रहाची. पहिल्या वेळी नावीन्य स्वतःच निम्मे काम करते. दुसऱ्या वेळी श्रोता सावध असतो. ‘किंग क्रिम्झन’ या इंग्रज वाद्यवृंदाचा पहिला संग्रह १९६९ साली आला तेव्हा त्याने खळबळ माजवली. लगेच १९७० साली दुसरा आला, आणि पहिल्याच घराचा नकाशा समोर ठेवून हे दुसरे घर बांधले आहे, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. उलट ‘इमर्सन, लेक अँड पामर’ या त्रयीने १९७१ सालच्या आपल्या दुसऱ्या तबकडीची एक संपूर्ण बाजू एकाच अखंड रचनेस देऊन टाकली. आपल्याच यशाची नक्कल करावी की आपलीच घडी मोडावी, हा पेच दोघांनाही चुकला नाही.

‘अगम’ची कथा थोडक्यात अशी. २००३ सालच्या सुमारास बंगळुरात एकत्र आलेली ही तरुण मंडळी बहुतांशी नोकरदार, आणि त्यातही संगणकाच्या क्षेत्रातील. गायक हरीश शिवरामकृष्णन स्वतः व्हायोलिन वाजवतात, आणि त्यांनी अनेक वर्षे संगणक-उद्योगात आरेखनकाराचे काम केले. कळवाद्यांवर स्वामी सीतारामन, ड्रमवर गणेश राम नागराजन, गिटारवर प्रवीण कुमार, मंद्र सुरांच्या बास गिटारवर आदित्य कश्यप, असा हा संच जमला. २००७ साली सन टीव्हीवरील एका संगीतस्पर्धेतून त्यांचे नाव पुढे आले आणि २०१२ साली ‘द इनर सेल्फ अवेकन्स’ हा पहिला संग्रह निघाला. ‘अगम’ हा शब्द मराठी कानाला अगम्याची आठवण करून देतो, परंतु तो तमिळ आहे. त्याचा अर्थ आत, अंतरंग, घर. प्राचीन संघम् काव्याचे जे दोन विभाग तमिळ परंपरेने मानले, त्यांतील ‘अगम’ हा अंतरीच्या भावाचा आणि ‘पुरम’ हा बाहेरच्या जगाचा, युद्धाचा आणि दानाचा. ज्या वाद्यवृंदाची अर्धी वाद्ये विजेवर चालतात आणि ज्याचा आवाज मैदानभर पोहोचतो, त्याने असे अंतर्मुख नाव घ्यावे यात थोडा विनोद आहे, आणि थोडी प्रतिज्ञाही आहे. ती प्रतिज्ञा दुसऱ्या संग्रहात कसोटीला लागते.

पहिल्या आणि दुसऱ्या संग्रहामध्ये पाच वर्षे गेली. दुसऱ्याची पहिली खूण अशी की यात जुन्या वाग्गेयकारांच्या कृतींना मध्यवर्ती जागा मिळाली आहे. त्यांतील एकीचे नाव ‘मिस्ट ऑफ कॅप्रिकॉर्न’, म्हणजे मकर राशीचे धुके, असे ठेवले आहे. या इंग्रजी नावाचा कृतीशी काय संबंध ते ऐकून तरी कळत नाही, आणि कळले नाही म्हणून काही बिघडतही नाही. कारण धुके विरल्यावर जे पुढे येते ते त्यागराजांचे ‘मनव्यालकिंचरादटे’. राग नलिनकांती. माझी विनवणी तुझ्या कानी पडू नये का, असा हा स्वतःच्या मनाला केलेला प्रश्न आहे. कर्मकांडाच्या ओढीने संसाराच्या रानात भटकणाऱ्या माणसांचा उल्लेख करून त्यागराज पुन्हा त्या प्रश्नाकडे येतात. एका अर्थाने हे ऐकण्याविषयीचेच गाणे आहे, आणि ते ऐकवण्यासाठी वाद्यवृंदाने किती मोठ्याने बोलावे, हा प्रश्न त्या निवडीतच उभा आहे.

नलिनकांतीत मराठी श्रोत्याला अपरिचित असे फार थोडे आहे. सारे स्वर शुद्ध, धैवत वर्ज्य, आणि आरोहात ‘सा ग रे म प’ अशी एक गोड वाकडी चाल. ही चाल कानी पडताच तिलककामोदाची आठवण होते. दोन्ही राग एक नव्हेत. पण नात्यातले दोन चेहरे लग्नमंडपात दुरून पाहावेत तसे त्यांचे साम्य आहे. गंधारावरून रिषभावर उतरून मग मध्यमाकडे झेप घेण्यात जो लाडिकपणा आहे, तो या कृतीचा प्राण होय. ‘अगम’च्या गायकाने तो जपला आहे. ड्रमचा ठेका कितीही आग्रही झाला तरी पल्लवीची ओळ त्या ठेक्याच्या चौकोनात कोंबली जात नाही, ती त्यावरून पाण्यासारखी वाहते. आदितालाच्या आठ मात्रा आणि रॉकच्या चार मात्रांचा साधा ठेका यांचा हिशेब जुळणे अवघड नाही. अवघड आहे ते वजन जुळणे. रॉकचा ठेका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर देतो, तर कृतीचा श्वास साहित्याच्या अक्षरांवर चालतो. येथे गायकाने अक्षरांची बाजू घेतली आणि वादकांनी ती मान्य केली, हे या मुद्रिकेचे मोठे श्रेय.

तथापि एक प्रश्न कोणीही जाणता श्रोता विचारील. आपल्या रागसंगीताला स्वरांची एकच तळटीप असते, ती तंबोऱ्याची. पाश्चात्त्य पद्धतीत गाण्याखाली कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर, सतत बदलत राहतात. नलिनकांतीत धैवत नाही; परंतु मध्यमावर साधी कॉर्ड उभारायची तर म, ध, सा हेच तीन स्वर लागतात. गायकाने जो स्वर पुढच्या दाराने येऊ दिला नाही तो वादकाने मागच्या दाराने घरात घ्यायचा, असा हा प्रकार होतो. फार मोठमोठ्या संगीतदिग्दर्शकांनी रागावर आधारलेली गीते याच ठिकाणी बिघडवली आहेत. राग कोणी मोडलेला नसतो, पण त्याचे वर्ज्य स्वर खालून कुजबुजत राहतात, आणि श्रोत्याला आपले समाधान का होत नाही ते कळत नाही.

या प्रश्नाचे जे उत्तर या संग्रहात ऐकू येते, ते ‘रंगपुरविहार’ या कृतीत सर्वांत स्पष्ट होते. मुत्तुस्वामी दीक्षितरांची ही संस्कृत रचना, श्रीरंगमच्या रंगनाथावरची. राग बृंदावनसारंग, ताल रूपक. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या कंठाने ती दक्षिणेच्या घराघरात पोहोचवली. दीक्षितर काही वर्षे काशीस राहिले होते, आणि उत्तरेच्या रागांचा वास त्यांच्या अनेक रचनांना आहे. हा राग आपला वृंदावनी सारंगच. फक्त दक्षिणेत उतरताना त्याला कोमल गंधाराचा एक हलका स्पर्श होतो. भर दुपारचा, उन्हाने झळाळणारा असा हा राग आहे. ‘अगम’ने तो हळुवारपणे सुरू केला आहे. प्रथम आवाज पुढे, वाद्ये मागे. मग एका क्षणी विजेची गिटार आपल्या फाटक्या, घोगऱ्या, गुरगुरत्या स्वरात खाली येऊन बसते, आणि कानाला एक आश्चर्य वाटते. हा कर्कश समजला जाणारा आवाज रागाला बोचत नाही.

त्याचे कारण शोधले तर ते गिटारच्या विद्येतच सापडते. विजेच्या जोराने स्वर मुद्दाम फाडला की त्यात गंधारासारखा मधला स्वर मिसळणे कठीण होते. सारा गोंगाट चिखल होऊन जातो. म्हणून जड आवाजाचे रॉक वादक तीन स्वरांची कॉर्ड टाकून केवळ षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर घेतात. त्या जोडीला त्यांच्या भाषेत ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. म्हणजे काय? तर जगातील सर्वांत दांडगे समजले जाणारे हे वाद्य, स्वतःच्या सोयीसाठी का होईना, आपल्या तंबोऱ्याचेच दोन स्वर घेऊन बसले आहे. ज्या सारंगात गंधार आणि धैवत जवळजवळ नाहीतच, त्याला हा आधार सोयीचा पडावा यात नवल नाही. मृदू आणि सभ्य वाटणारा पियानो या रागाला जितका धोकादायक, तितकी ही राकट गिटार नाही. रिषभावर मात्र तिलाही जपून राहावे लागते, कारण रिषभाचा पंचम म्हणजे धैवत. येथे वादकाच्या शिक्षणाची परीक्षा होते.

गिटारच्या पडद्यांमुळे गमक अशक्य, हाही एक ऐकीव आक्षेप आहे. वीणेलाही चोवीस पडदे असतात, आणि दक्षिणेने गमकाची सर्वांत सूक्ष्म विद्या त्याच वाद्यावर, तार खेचून, घडवली. सतारीची मींड त्याच जातीची. गिटारवादक तार आडवी ओढतो तेव्हा तो परकी करामत करीत नाही.

मुळात ‘परके’ हा शब्द दीक्षितरांच्या रचनेसंबंधात वापरताना दोनदा विचार करावा लागतो. याच दीक्षितरांनी मद्रासच्या परिसरात ईस्ट इंडिया कंपनीच्या बँडवर वाजणाऱ्या इंग्रजी चाली ऐकून त्यांवर संस्कृत साहित्य बांधले. ‘नोट्टुस्वर साहित्य’ या नावाने त्या रचना दक्षिणेतील मुले आजही शिकतात. त्यांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर युरोपियन व्हायोलिन शिकले, आणि ते वाद्य कर्नाटक संगीतात रुजवण्याचे श्रेय परंपरा त्यांना देते. आज व्हायोलिनवाचून दक्षिणेची मैफल उभी राहत नाही. ‘रंगपुरविहार’मध्ये रॉक वाद्यांचा समावेश पाहून ज्यांना दीक्षितरांच्या आत्म्याची काळजी वाटते, त्यांना दीक्षितर कदाचित हसले असते. आपल्याकडे तरी काय निराळे घडले? बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गन होता, आणि मराठी रसिकाला त्या विलायती पेटीवाचून ते गाणे आठवतदेखील नाही. याउलट नभोवाणीने हार्मोनियमला १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ दाराबाहेर उभे केले होते, आणि शेवटी १९७१ साली दार उघडावेच लागले.

येथे मराठी श्रोत्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी, कारण ती सर्जापूर रस्त्यावर राहूनही सहसा कोणी ध्यानी घेत नाही. १६३८ नंतर बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. त्यांचे पुत्र व्यंकोजी याच मुलखातून पुढे तंजावरला गेले आणि १६७५-७६च्या सुमारास तेथे त्यांनी भोसल्यांचे राज्य स्थापिले. त्या राज्यात मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत एका दरबारात नांदल्या. तुळजाराजाने ‘संगीतसारामृत’ हा शास्त्रग्रंथ रचला. त्यागराज १७६७ साली जन्मले आणि १८४७ साली निवर्तले. तिरुवैयारूतील त्यांचे जवळजवळ सारे आयुष्य याच मराठी राजांच्या कारकिर्दीत गेले. सरफोजीराजांनी धाडलेले दरबाराचे निमंत्रण त्यांनी नाकारले, अशी आख्यायिका सर्वतोमुखी आहे. त्याच सरफोजीराजांच्या वाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही वाजत असे. तेव्हा कर्नाटक संगीत आणि विलायती वाद्ये यांची पहिली ओळख ज्या अंगणांत झाली, त्यांतले एक अंगण मराठी होते. बंगळूरहून तंजावरला गेलेल्या घराण्याच्या छायेत जे गाणे बहरले, तेच गाणे आता विजेची वाद्ये घेऊन बंगळुरात ऐकू येते, आणि कोल्हापुराहून आलेला अभियंता ते परक्याचे म्हणून ऐकतो!

अब्दुल करीम खाँसाहेबांना ते परके वाटले नव्हते. मिरजेस राहून किराण्याची गायकी महाराष्ट्राला देणाऱ्या या गवयाने म्हैसूर-मद्रासकडील गाणे मन लावून ऐकले, त्यांची सरगमेची पद्धत उचलली आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती ध्वनिमुद्रित केली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्यातील कित्येक पदांच्या चाली कर्नाटकातून आल्या होत्या. हे येणे-जाणे पुढे का मंदावले, हा निराळ्या भाषणाचा विषय.

संग्रहातील तिसरी मोठी रचना ‘सागरशयन विभो’ ही आहे, आणि खरी परीक्षा तिच्यात आहे. तिचे रचनाकार एम. डी. रामनाथन हे विसाव्या शतकातले; १९२३ साली जन्मलेले, टायगर वरदाचारियार यांचे शिष्य, आणि कलाक्षेत्रात अध्यापन केलेले. १९८४ साली ते निवर्तले. त्यांचा आवाज खर्जातला, गंभीर, आणि त्यांची लय इतकी विलंबित की घाईच्या श्रोत्याला ती थांबल्यासारखी वाटे. लोकांनी त्यांची चेष्टा केली आणि रसिकांनी त्यांना हृदयाशी धरले. दक्षिणेच्या वेगवान गाण्यात त्यांनी जो विसावा आणला, तो उत्तरेच्या विलंबित ख्यालाची ओढ असलेल्या माणसाला चटकन भिडतो. ‘सागरशयन विभो’ बागेश्रीत आहे. बागेश्रीची ओळख मराठी श्रोत्याला करून देण्याची गरज नाही. रात्रीचा राग, प्रतीक्षेचा राग. येथे त्याला क्षीरसागरावर निजलेल्या विष्णूचे चित्र दिले आहे.

आता निजलेल्या देवापुढे ढोल किती वाजवावे? ‘अगम’चा प्रारंभ फार सुंदर आहे. स्वर लाटेसारखा येतो, किनाऱ्याला टेकतो, परततो. मध्यम आणि धैवत यांच्यामध्ये जी बागेश्रीची जागा आहे तेथे गायक घाई करीत नाही. एवढ्यापुरते असे वाटते की रॉक वाद्यवृंदानेही शांत बसण्याचे धैर्य मिळवले. पण पुढे ठेका चढतो, गिटार चढते, आवाज चढतो, आणि अखेरीस तोच कळस येतो जो ‘रंगपुरविहार’मध्ये आला होता आणि नलिनकांतीतही आला होता. देव जागा होतो की नाही ठाऊक नाही, शेजारी मात्र जागे होतात. वाद्यवृंदाची शक्ती येथे कमी पडत नाही, तिचा विश्वास कमी पडतो. रचना हळू राहिली तर श्रोता निघून जाईल, ही भीती त्यामागे असावी. रामनाथनांना ती भीती नव्हती. त्यांची रचना निवडून त्यांचीच निर्भयता न घेणे, हा या संग्रहाचा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

हा दोष एका कृतीपुरता नाही. मंदातून तीव्राकडे, एका आवाजाकडून अनेकांच्या घोषाकडे, हीच वाट जवळजवळ प्रत्येक रचनेत चालली आहे. एकेक रचना सुटी ऐकली तर ही चढण उत्साह देते. सलग ऐकली तर तिसऱ्या वेळी कान आधीच पायऱ्या मोजू लागतो. कर्नाटक मैफलीची मांडणी याहून शहाणी आहे. तेथे वर्णमाने आरंभ होतो, मध्यावर मुख्य कृतीचा विस्तार आणि तनि आवर्तन येते, आणि नंतर मैफल मुद्दाम उतरत जाऊन पदे, जावळ्या, तिल्लाना अशा हलक्या चीजांनी शांत होते. उतरण्याची ही कला दुसऱ्या संग्रहात फारशी दिसत नाही. ‘कूत्तु ओव्हर कॉफी’ या रचनेने थोडा पालट होतो. कूत्तु म्हणजे तमिळ लोकांचे नाचरे लोकनाट्य आणि त्याचा अंगात येणारा ठेका. त्याला कॉफीच्या पेल्याची जोड देण्यात बंगळूरचा खेळकरपणा आहे. परंतु तोही चढाचाच खेळ, उताराचा नव्हे.

आणखी एक गोष्ट खटकते, ती ध्वनिमुद्रणाची. सारे आवाज इतके घासूनपुसून आणि एकाच उंचीवर आणून ठेवले आहेत की गायकाचा श्वास, व्हायोलिनच्या गजाची खसखस, तबल्या-मृदंगाच्या कातड्याचा ओलावा हे सारे हरवते. इब्बलूरच्या चौकातील कर्ण्यांच्या गदारोळात ऐकणाऱ्याला अशी उंची सोयीची वाटेल. मध्यरात्री, रस्ता निवल्यावर, दोड्डकन्नेल्लीच्या एखाद्या दहाव्या मजल्यावर ऐकताना ती फार वाटते. आधुनिक मुद्रणाचा हा रोग साऱ्या जगाला जडला आहे. एकट्या ‘अगम’ला त्याबद्दल बोल लावणे अन्यायाचे होईल.

इतके दोष सांगूनही हा संग्रह पुनःपुन्हा ऐकावासा वाटतो, याचे श्रेय मुख्यतः गायकाला आहे. हरीश शिवरामकृष्णन यांचा आवाज शुद्ध मैफलीचा नव्हे. त्यात हेतुपुरस्सर ठेवलेला थोडा खरखरीत उघडेपणा आहे. पण स्वर लागला की तो पूर्ण लागतो, आणि साहित्यातील अक्षर गिळले जात नाही. रॉक गायकांमध्ये शब्दाची ही निष्ठा विरळा. दिवसा कचेरीत काम करून संध्याकाळी तालमीस बसणाऱ्या माणसांनी हे केले आहे, याचे कौतुक पुष्कळ झाले. ते वस्तुतः जरा अधिकच झाले. सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत बसणारे बँकेतले कारकून आणि शाळामास्तर आपण पाहिलेले आहेत. नोकरी आणि संगीत यांचे वैर आपल्याकडे कधीच नव्हते. कौतुक करायचे ते याचे की पहिल्या संग्रहाने मिळवून दिलेली कीर्ती हाताशी असताना त्यांनी दुसऱ्या वेळी सोपी गाणी न निवडता त्यागराज, दीक्षितर आणि रामनाथन यांना समोर बसवले, आणि त्या तिघांनीही सहज ओळखाव्या अशा चुका कमी केल्या.

श्रोत्याच्या बाजूनेही काही घडते. ‘रंगपुरविहार’ दोन-चार वेळा ऐकल्यावर मराठी श्रोत्याला प्रश्न पडतो की मूळ कृती कशी असेल, आणि तो सुब्बुलक्ष्मींच्या मुद्रिकेकडे वळतो. तेथे ड्रम नाही, गिटार नाही. मृदंग रूपकाच्या तीनांचे डोलणे नुसते सुचवतो आहे, आणि तोच वृंदावनी सारंग दुपारच्या उन्हात स्थिर उभा आहे. साहित्य आता तोंडओळखीचे झालेले असल्यामुळे तो अडखळत नाही. स्वर एकसारखा का हलतो, हेही त्याला कळू लागते. मग रामनाथनांची पाळी येते. त्यांचा खर्ज लागतो, पहिली ओळ अशी काही रेंगाळते की खाली सर्जापूर रस्त्यावर एक बस थांबून, माणसे घेऊन, निघूनही जाते, आणि रामनाथन अजून ‘विभो’वर पोहोचलेले नसतात. त्या श्रोत्याला त्यांची घाई नसते.